पेटीतली मूठभर बाजरी

१

काउंटरवर सगळीकडे धुळीचा थर होता, फक्त दीड वीत लांबीची एक चौकोनी जागा लख्ख होती. पंधरा मिनिटांपूर्वी त्या जागेवर एक पेटी होती. आता नव्हती.

युवराजने काउंटरखाली वाकून पाहिलं, मागच्या फळ्यांवर पाहिलं, उगाचच छताकडेही पाहिलं. मग त्याची नजर फिरत फिरत दुकानातल्या एकुलत्या एका माणसावर आली आणि तिथेच थांबली.

तो माणूस म्हणजे सावळाराम तात्या. त्यांचं डोकं त्या वेळी एका जुन्या वाल्वच्या रेडिओत खुपसलेलं होतं. साखर कारखान्याच्या वर्कशॉपातून फिटर म्हणून निवृत्त होऊन तात्यांना आठ वर्षं झाली होती. तेवढ्या काळात त्यांनी लासुर्ण्याच्या घरात सव्वीस रेडिओ, नऊ स्टोव्ह, भिंतभर चावीची घड्याळं आणि ज्यांचा उपयोग कुणालाच सांगता येत नाही अशा चिजा एवढ्या आणून भरल्या होत्या, की पाहुणा आला तर त्याला बसायला जागा शोधावी लागे. बारामतीपासून इंदापूरपर्यंत भंगाराचं असं एक दुकान नव्हतं, जिथे तात्यांनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला नव्हता.

युवराजचं दुकान बारामतीत, इंदापूर रस्त्यावर, एमआयडीसीच्या अलीकडे. बापाचा हा साधा भंगाराचा अड्डा होता. पोराने पत्रे रंगवले, ‘जुनं ते सोनं’ अशी पाटी लावली आणि बाप जे किलोवर विकायचा ते हा नगावर विकू लागला. आपण आजोळी पायाळू जन्मलो, पाय आधी आणि डोकं मागून, म्हणून आपल्याला मातीत गाडलेलं धन दिसतं, असं तो येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. गिऱ्हाइकंही ते ऐकून शंभर रुपये जास्त देऊन जायची.

"तात्या, कर्न्याची पेटी कुठं हाय?"

तात्यांनी डोकं बाहेर काढलं. "हितंच तर हुती."

"हुती. आता न्हाय."

पेटीत होता एक लाकडी कर्णा. वीतभर लांबीचा, एका तोंडाला फुललेला, दुसऱ्या तोंडाला चपटी चकती, मधून आरपार भोक. रुंद तोंडाच्या काठावर अकरा बारीक खाचा. तात्यांनी त्या मोजल्या होत्या, कारण हातातली वस्तू मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. हा बहिऱ्या इंग्रज साहेबाचा ऐकायचा कर्णा आहे, असं युवराजने ठरवून टाकलं होतं. तात्यांनाही ते पटलं होतं, फक्त एकच गोष्ट खुपायची. कानात घालायचं टोक निमुळतं हवं, मग याला चकती कशाला? दुकानात काम करणाऱ्या सोनबाने सोनाराच्या काट्याची, काचेच्या झाकणाची एक जुनी पेटी शोधून, तिच्या लाल मखमलीवर हा कर्णा ठेवला होता आणि तेव्हापासून त्याला राजेशाही रूप आलं होतं.

आज तो न्यायला अविराज आला होता. पुण्यातल्या कॅफेंना जुन्या वस्तू पुरवणं हा त्याचा धंदा. सौदा ठरल्यावर अविराजच्या गाडीतला एक ग्रामोफोन बघायला म्हणून तो आणि युवराज बाहेर गेले. सोनबा चहाला गेला होता. आत राहिले तात्या.

"मी गेलो तवा आत कोन हुतं? तुमी. आलो तवा आत कोन हाय? तुमी."

"अरं, मानसं येऊन-जाऊन हुती की," तात्या म्हणाले आणि आठवू लागले. मोटारसायकलचा आरसा मिळेल का, असं विचारून एमआयडीसीतला एक कामगार गेला. कुणी म्हातारी माठातलं पाणी पिऊन गेली. शेजारच्यांची शेळी आत डोकावली, तिला त्यांनी हाकललं. बाकी सगळा वेळ त्यांचं तोंड रेडिओतच होतं. चोर धरायला कॅमेरा हवा म्हणावं, तर दुकानात कॅमेरे सदतीस होते, पण सगळे रोलचे.

"हा कर्ना मला द्या म्हनून च्यार येळा तुमीच मागं लागला हुता," युवराज म्हणाला. ते खरंच होतं. "बापाच्या येळेपास्नं येताय, म्हनून पोलिसात जात न्हाय. बाजाराच्या दिवसापर्यंत थांबतो. कर्ना आला तर ठीक. न्हायतर तुमचा फोटू भंगारवाल्यांच्या ग्रुपवर टाकनार."

तात्या चप्पल घालून बाहेर पडले. बाजाराला सहा दिवस होते.

२

दुसऱ्या दिवशी तात्या मुद्दाम इंदापूरला गेले. तिथल्या आप्पासाहेबांच्या गोदामात त्यांची वीस वर्षांची ऊठबस. आप्पासाहेब त्यांना पाहिलं की आधी चहा सांगायचे, मग नवा माल दाखवायचे.

आज आप्पासाहेब दारातच उभे राहिले, दोन्ही हात चौकटीला लावून.

"या हप्त्यात काय आलं न्हाय, सावळारामराव."

त्यांच्या खांद्यावरून आतला आगगाडीचा जुना दिवा तात्यांना स्पष्ट दिसत होता, शेजारी एक टाइपरायटरही. आयुष्यात पहिल्यांदा आप्पासाहेबांच्या तोंडी ‘तात्या’चं ‘सावळारामराव’ झालं होतं. फोटो अजून पडलाही नव्हता आणि बातमी त्यांच्या लूनाच्या आधी इंदापूरला पोचली होती.

परतीच्या वाटेवर तात्यांना फार वाईट वाटलं. कारखान्यात अडतीस वर्षं काढली, एक नट खिशात घालून घरी नेला नाही. आता या वयात एका लाकडी कर्ण्यापायी दारं बंद व्हायची असतील, तर हात घालायचा कुठे आणि सकाळी उठायचं कशासाठी? पोरं पुण्याला. बायकोला, कुशाबाईंना, देव आहे, शेजारीण आहे. त्यांना फक्त ढीग होते.

पुढचा सगळा दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सोनबाचा फोन आला.

"तात्या, पेटी परत आलीया. दुकानाच्या पायरीवर ठिवलीया कुनीतरी."

"आनि कर्ना?"

सोनबाचा आवाज एकदम उतरला. "कर्ना न्हाय. पन पेटी रिकामी बी न्हाय. तुमी या, मी हात लावनार न्हाय तिला."

३

पेटी पायरीवरच होती. युवराज तिच्यापासून चार हातांवर उभा होता आणि सोनबा त्याच्याहून चार हात मागे. झाकण उघडं होतं. लाल मखमलीवर मूठभर बाजरी होती.

"करनी हाय," सोनबा म्हणाला. "दानं टाकून सोडलेली वस्तू घरात घिऊ नये."

"करनी-बिरनी काय न्हाय," युवराज म्हणाला खरा, पण जवळ तोही जाईना. मग तात्यांकडे पाहून त्याने डोळे बारीक केले. "कुनीतरी भ्यालं आनि पेटी ठिवून गेलं. आमाला भ्या दावायला दानं टाकलं."

‘कुनीतरी’ म्हणताना त्याने नजर हलवली नाही.

तात्या उकिडवे बसले. आधी त्यांनी पेटी पाहिली. पितळी कोपरे चकचकीत होते. दुकानात असताना ते काळवंडलेले होते, हे त्यांना नक्की आठवत होतं. काच पुसलेली होती. बाजरी निवडलेली, खडा नाही की कोंडा नाही. एवढी मेहनत करून कोण करणी करतो? करणीचा माणूस लिंबाला टाचणी टोचतो आणि पळतो, पितळ घासत बसत नाही.

"तू त्या दिशी कुठं हुतास, सोनबा?" त्यांनी विचारलं.

सोनबाला राग आला. "मलाच इचारा आता. टपरीवर हुतो. तितं एक म्हातारी भेटली, मोरगावची यस्टी कुठनं सुटती इचारत हुती. तिला रिक्षात बसवून स्टँडला लावून दिली, मग चहा प्यालो. टपरीवाल्याला इचारा. आनि मला न्यायचंच आसतं तर दुकानाची किल्ली माझ्याच कमरंला आसती की. भरदुपारी कशाला न्यीन?"

ते तात्यांना पटलं. चोरी अशा माणसाने केली होती, ज्याला दुकान उघडं असतानाच आत येता येत होतं.

"युवराज, या कर्न्यावर अजून कुनाचा डोळा हुता?"

"डोळा सगळ्यांचाच आसतो. हितं येनारा प्रत्येक जन म्हनतो, ही वस्तू आमची हाय. घड्याळ बघितलं तर आज्याचं, बत्ती बघितली तर आजीची. सगळ्यांचं ऐकत बसलो तर दुकान वाटून टाकावं लागंल." त्याने खिशातून फोन काढला. "बाजाराला तीन दीस राहिलं, तात्या. ग्रुपवर लोक इचारायला लागल्यात."

सोनबा तात्यांना रस्त्यापर्यंत सोडायला आला. आजवर तो कधी सोडायला आला नव्हता. तात्यांच्या लक्षात आलं, तो त्यांच्या पिशवीकडे बघत होता.

४

दुसऱ्या दिवशी तात्यांनी अविराजचं गोदाम गाठलं, एमआयडीसीत, दुधाच्या एका कारखान्यामागे. आत शिवणयंत्रांच्या पायांवर काचा बसवून टेबलं करण्याचं काम चाललं होतं. ती शिवणयंत्रं अजून पन्नास वर्षं चालली असती.

"काका, तुम्ही घेतला असेल तर मला सरळ सांगा," अविराज म्हणाला. तो पुण्याचा, त्यामुळे चोर म्हणतानासुद्धा खुर्ची पुढे करून म्हणाला. "मी युवराजला न सांगता तुमच्याकडून घेतो."

"मी घेतला न्हाय. तुमी घेतला?"

अविराज हसला. "मी तर युवराजबरोबर गाडीपाशी होतो. आणि मी घेतला असता तर पेटी परत कशाला केली असती? खरं सांगू का, मला पेटीच जास्त हवी होती. सोनाराच्या काट्याची, काचेच्या झाकणाची, अशी पेटी आता मिळत नाही. कर्णा नसता तरी मी ती नेली असती."

तात्या खुर्चीवर नीट सावरून बसले. म्हणजे ज्याला किंमत कळते त्याने पेटी ठेवली असती. ज्याला विकायचं आहे त्याने दोन्ही ठेवलं असतं. इथे चोराने महागाची वस्तू घासूनपुसून परत केली आणि लाकडाचा तुकडा ठेवून घेतला. असला चोर त्यांनी ऐकला नव्हता.

"कर्न्याचा फोटू हाय का तुमच्याकडं?"

फोटो होता, चांगले आठ. अविराजने ते तात्यांच्या फोनवर पाठवले आणि एक मोठा करून दाखवला. "हे काठावरचं कोरीवकाम बघा. इंग्रजी कारागिरी."

तात्यांनी खाचांकडे निरखून पाहिलं. आतापर्यंत त्यांनी त्या फक्त मोजल्या होत्या, आज फिटरच्या डोळ्याने पाहिल्या. एक खोल, एक उथळ, एक तिरकी. दोन खाचांमधलं अंतर कुठेच सारखं नव्हतं. एका बैठकीत कोरलेल्या या खाचा नव्हत्या. कुणीतरी वर्षानुवर्षं, एकेक करून, काहीतरी मोजत होतं.

५

"आनि हे काय आता नवीन?" कुशाबाईंनी विचारलं. नवऱ्याच्या हातात फोन दिसला की नवं भंगार येणार, एवढं त्यांना अनुभवाने कळत होतं.

"ज्याच्यापायी मी चोर ठरलोय ते. इंग्रज सायबाचा कर्ना."

कुशाबाईंनी फोन लांब धरून पाहिला, मग जवळ घेतला आणि तोंडाला पदर लावून हसू लागल्या. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती, पण आपल्या नवऱ्याच्या हुशारीवर त्या इतक्या मनापासून कधी हसल्या नव्हत्या.

"कसला सायेब आनि कसला कर्ना. आवं, ही पोटाला लावायची नळी. पोटातल्या लेकराचं काळीज ऐकायची. रुंद तोंड बाईच्या पोटावर, चकतीला सुईन कान लावती. थोरल्याच्या येळी माझ्या पोटाला नर्सबाईनं हीच लावली हुती."

चकती! कान चकतीला टेकवायचा असतो, कानात काही घालायचंच नसतं. युवराज, अविराज, सोनबा आणि ते स्वतः, चार जाणकारांनी ही वस्तू उलटीपालटी करून पाहिली होती आणि चारही जणांना ती कळली नव्हती. कशी कळणार? ती जिथे वापरली जायची, त्या खोलीच्या बाहेरच पुरुष उभा असायचा.

"मग मला आधी का सांगितलं न्हाईस?"

"तुमी कवा दावलं मला? तुमच्या भंगारातलं मला काय कळतं, असं तुमीच म्हनता."

कुशाबाई उठल्या आणि ओट्यावरची वाटी पुसू लागल्या. शेजारच्या अनिताने काल त्यातून आमटी पाठवली होती. वाटी त्यांनी चिंचेने घासून लख्ख केली होती. मग डब्यातून गुळाचा खडा काढून त्यांनी तो वाटीत टाकला.

"गूळ कशाला?" तात्या सहज म्हणाले.

"मग काय रिकामं भांडं परत द्यायचं? रीत हाय का ती?"

तात्या ताडकन उठले. त्यांनी बायकोच्या हातातली वाटी घेतली, गुळाकडे पाहिलं, घासलेल्या काठाकडे पाहिलं.

"करनी न्हाय," ते हळूच म्हणाले. "भांडं परत केलंय. घासून, पुसून, आत दानं टाकून. पेटी दुसऱ्याची हाय, हे तिला ठावं हाय. म्हंजी नळी दुसऱ्याची न्हाय. नळी तिची हाय."

"तिची?"

"बाईच. ही वस्तू काय हाय ते बाईलाच ठावं." त्यांनी वाटीतल्या गुळाकडे बोट केलं. "पन बाजरी का? तुझ्या हाताला गूळ लागला."

"आपला ऊसपट्टा. हितं हाताला गूळ न्हायतर साखर लागती. बाजरी लागंल ती जिरायती गावच्या बाईच्या हाताला."

माठातलं पाणी पिऊन गेलेली म्हातारी. टपरीवर एसटी विचारणारी म्हातारी. त्यांनी एकीला पाहिलं होतं, सोनबाने एकीला पाहिलं होतं; ती एकच होती, आणि दोघांनीही तिला मोजलं नव्हतं. शेळीकडे तरी त्यांनी मान वळवून पाहिलं होतं.

"उद्या मोरगावला जातो," तात्या म्हणाले.

६

मोरगावात जुन्या सुइणीचं, म्हणजे बनाबाईचं, घर सापडायला तात्यांना दोनच माणसांना विचारावं लागलं. देवळाच्या मागून खडकाळ वाट निघते, तिच्या टोकाला दोन खोल्या. अंगणात घोंगडीवर बाजरी वाळत घातलेली, कडेला दोन शेरडं बांधलेली. उंबऱ्यात ऐंशीच्या पुढची एक म्हातारी बसली होती. तात्यांना पाहून तिने आधी डोळ्यांवर हात धरला आणि मग म्हणाली,

"रेडूत डोकं घातलेला तूच न्हवं? न्यायला आलास व्हय?"

तात्यांना एवढ्या सरळपणाची सवय नव्हती. "मावशी, मी न्यायला आलो न्हाय. बघायला आलो."

बनाबाईने चहा ठेवला आणि मग बोलत गेली. नर्सबाई बदली होऊन जाताना तिला नळी देऊन गेली होती. चाळीस वर्षं ती तिच्या कमरेला होती. घरावर स्लॅब टाकला तेव्हा सुनेने माळ्यावरचं सगळं भंगारवाल्याला दिलं आणि बदल्यात प्लॅस्टिकचं घमेलं घेतलं. त्यात नळी गेली. डोळ्याला दाखवायला बारामतीला गेली असताना रस्त्यावरून बनाबाईला ती काचेत दिसली.

"मी त्या पोराला म्हनले, बाबा ही माझी हाय. तो म्हनला, आजी, समदे असंच म्हनत्यात. पाच हजार हाय का? मग मी दुसऱ्या खेपंला गेले. तो भाईर हुता, तुझं डोकं रेडूत. पिशवीत घातली आनि आले. घरी आल्यावर पेटी बघितली. ती काय माझी न्हाय. घासली, पुसली आनि तिसऱ्या दिशी पयल्या यस्टीनं जाऊन पोचती केली."

"आनि बाजरी?"

"रिकामी कशी द्यायची, लेकरा?"

तिने आतून नळी आणली. फडक्यात गुंडाळलेली होती. तात्यांनी काठावरून बोट फिरवलं.

"या खाचा?"

"पायाळू पोरं. जी जगली ती. डोकं अडकायचं, काळीज ऐकू येईनासं व्हायचं. एवढी वाचली." ती एकेका खाचेवर बोट ठेवून सांगू लागली. कोण मुंबईला गेला, कोण शिपाई झाला, कुणाला नातवंडं झाली. नावं ती विसरली नव्हती.

अकराव्या खाचेचं नाव तिने सांगितलं आणि तात्यांनी ते तिच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

निघताना तिने त्यांचा हात धरला. "माझं नाव सांगू नगंस. सुनेच्या कानावर गेलं, तर ती म्हनंल सासू चोर हाय. या वयात नगं."

"न्हाय सांगत," तात्या म्हणाले.

पण लूना चालू केली आणि मोरगावच्या वेशीपर्यंत त्यांचा हिशेब जुळेना. नाव सांगितलं तर ते सुटत होते. नाही सांगितलं तर उद्या दुपारपर्यंत बारामती ते इंदापूर एकही शटर त्यांच्यासाठी उघडणार नव्हतं. आणि शब्द तर देऊन बसले होते.

७

बाजाराच्या दिवशी अकरा वाजता तात्या दुकानात आले. अविराज आला होता, सोनबा होता. युवराजने फोन काउंटरवर ठेवला होता आणि त्याच्यावर तात्यांचा फोटो तयार होता, गेल्या दिवाळीचा, हातात ग्रामोफोन घेऊन हसतानाचा.

"बोला, तात्या."

तात्यांनी सांगितलं. कर्णा हा कर्णा नाही, हे सांगितलं. चकती कशाला ते सांगितलं. अविराजने फोन काढून पुन्हा फोटो पाहिले. मग घासलेली पेटी, निवडलेली बाजरी आणि रिकामं भांडं परत न देण्याची रीत सांगितली. सोनबाने स्वतःच्या कपाळावर हात मारला.

"ही चोरीच न्हाय," तात्या म्हणाले. "आपली वस्तू घरी नेली आनि तुझी पेटी पोचती केली."

युवराजने सगळं ऐकून घेतलं. चलाख माणूस, त्याला पटलं होतं. पण पटलं म्हणून तो ऐकणारा नव्हता.

"झकास. आता नाव सांगा. मी जाऊन बघतो कुनाची वस्तू हाय ती."

"नाव सांगनार न्हाय."

"मग ही गोष्ट तुमीच रचलीया, असं म्हनीन मी." त्याचा अंगठा फोनवर गेला.

"टाक," तात्या म्हणाले. "पन त्याच्या आधी एक फोन कर. तुझ्या आईला. पायाळू म्हनून मिरवतोस, तर इचार तिला, तुला बाहेर काढला कुनी आनि कसा."

युवराजने आईला फोन लावला आणि मुद्दाम आवाज मोठा ठेवला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून.

"आई, मी जलमलो तवा सुईन कोन हुती गं?"

"हे काय आता मधीच?" पलीकडून सिंधुबाई म्हणाल्या. "बनाबाई. आमच्या मोरगावची. पयलं बाळातपन माहेरी, म्हनून तितं गेलते न्हवं का. तुझं पाय आधी आलं आनि डोकं आडलं. त्याच्या आधी रातभर ती माझ्या पोटाला लाकडाची नळी लावून बसली हुती. सगळी म्हनत हुती पोर गेलं. ती म्हनली, न्हाय, मला ऐकू येतंय. तिनं सोडला न्हाय तुला. तू रडलास तवा चुलीपुढं बसून नळीवर खाच पाडली तिनं, मी बघितलंय. का रं?"

युवराजने फोन बंद केला आणि काउंटरवरच्या त्या लख्ख चौकोनाकडे बघत बसला. आता त्याच्यावरही धूळ बसायला लागली होती.

"अकरावी खाच," तात्या म्हणाले. "ती तुझी."

"ती आलती," युवराज म्हणाला. "म्हनली, बाबा ही माझी हाय. मी तिला पाच हजार सांगितलं."

"तुझं दुकान, तू किंमत सांगितलीस. पन एक हाय. गाडलेलं धन दिसतं म्हनतोस तू. हितं दारात उभी राहिलेली बाई तुला दिसली न्हाय." तात्यांनी जुन्या रेडिओकडे पाहिलं. "मला बी दिसली न्हाय. मी माठाकडं बोट दावलं आनि पुन्यांदा रेडूत डोकं घातलं."

युवराजने फोटो पुसून टाकला. मग ग्रुपवर त्याने चार ओळी लिहिल्या आणि पाठवण्याआधी तात्यांना वाचून दाखवल्या. चूक माझी होती, तात्यांची नाही, असं त्यात होतं. दहा मिनिटांत आप्पासाहेबांचा तात्यांना फोन आला. आगगाडीचा जुना दिवा आहे, येताय का, चहा ठेवतो. त्यांनी ‘तात्या’ म्हटलं.

"युवराज, ती पेटी तरी मला देशील ना?" अविराजने विचारलं.

सोनबा पायरीवर गेला. तीन दिवस त्याने जिला हात लावला नव्हता, ती पेटी त्याने दोन्ही हातांनी उचलून आत आणली. युवराजने झाकण उघडून सगळी बाजरी ओंजळीत घेतली, एक दाणा खाली सांडू दिला नाही, आणि रुमालात बांधून खिशात ठेवली. मग ती मोकळी पेटी त्याने समोर घेतली.

"तात्या, मोरगावला जाऊन येऊ," तो म्हणाला. "पन ही पेटी तिला द्यायची तर आत काय घालू? बारा-पंधरा लाखाचा माल हाय दुकानात, आनि हिच्यात घालावं असं हितं काईच न्हाय."

तात्यांनी चप्पल घातली. "आधी लासुर्ण्याला चल," ते म्हणाले. "कुशाबाईला इचारू. आपल्याला काय कळतंय त्यातलं."